संतापामागे ग्रंथ हवा

जे. आर. आर. टॉल्किन या इंग्रज प्राध्यापकाची ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ही अद्भुतरम्य कादंबरी १९५४-५५ मध्ये तीन खंडांत प्रसिद्ध झाली. मुग्धा कर्णिक यांनी ती ‘स्वामी मुद्रिकांचा’ या नावाने मराठीत आणली. या कथेच्या हजारो वर्षे आधीचा काळ दाखविणारी ‘द रिंग्ज ऑफ पॉवर’ ही मालिका सप्टेंबर २०२२ मध्ये प्राइम व्हिडिओवर सुरू झाली आणि जगभरच्या टॉल्किनप्रेमींत वादळ उठले.

वादाचे मूळ समजण्याजोगे आहे. निर्मात्यांकडे मूळ कादंबरी, तिची परिशिष्टे आणि ‘द हॉबिट’ एवढ्यांचेच हक्क होते. प्राचीन काळाचा वृत्तान्त सांगणारा ‘द सिल्मरिलियन’ हा ग्रंथ त्यांना वापरता येत नव्हता. त्यामुळे परिशिष्टांतील त्रोटक नोंदींभोवती नवी कथा रचण्यात आली. शतकानुशतकांच्या अंतराने घडलेल्या घटना एकाच काळात आणल्या गेल्या. गॅलाड्रिएल ही धीरगंभीर, ज्ञानी स्त्री सूडाने पेटलेली योद्धा म्हणून समोर आली. ‘हे टॉल्किनचे नव्हेच’ असे वाचक म्हणू लागले. काहींनी तर कलावंतांच्या वर्णावरूनही अश्लाघ्य टीका केली. ती निंद्यच होय. परंतु तेवढ्यावरून सर्वच टीकाकारांना झिडकारणे अन्यायाचे ठरेल. पुस्तकाची पारायणे केलेला वाचक पानापानांचा दाखला देऊन बोलत होता. त्याच्या संतापामागे ग्रंथ होता.

अमरावती-अकोल्याच्या वाचकाला या परदेशी भांडणाचे काय, असा प्रश्न कोणी विचारील. एक तर ही मालिका हिंदीतूनही उपलब्ध आहे आणि आपल्या घरातील तरुण अशा मालिका आवडीने पाहतात. दुसरे म्हणजे याच अनुभवातून आपणही गेलो आहोत. २५ जानेवारी १९८७ रोजी दूरदर्शनवर ‘रामायण’ सुरू झाले आणि रविवारची सकाळ रामाची झाली. त्या मालिकेतही पदरचे पुष्कळ होते. तथापि वाल्मीकी, तुलसीदास, कंबन यांच्यासह एकनाथांच्या भावार्थ रामायणाचेही ऋण तिने आरंभीच मान्य केले होते. याउलट जून २०२३ मध्ये ‘आदिपुरुष’ हा चित्रपट आला. हनुमंताच्या तोंडची उथळ भाषा ऐकून प्रेक्षक इतके संतापले की निर्मात्यांना थोड्याच दिवसांत संवाद बदलावे लागले. रामकथा तीच, प्रेक्षकही त्याच समाजातले. मग एकाचा स्वीकार आणि दुसऱ्याचा धिक्कार का?

याचे उत्तर विदर्भाच्या मातीतच आहे. पूर्वकथा हा काही पाश्चात्त्यांनी लावलेला शोध नव्हे. कालिदासाचे ‘रघुवंश’ हे महाकाव्य पाहावे. त्याच्या १९ सर्गांपैकी पहिल्या नऊ सर्गांत दिलीप, रघु, अज आणि दशरथ यांची चरित्रे येतात आणि रामकथा सुरू होते ती दहाव्या सर्गात. या पूर्वकथेची नायिका विदर्भाची आहे. भोजराजाची बहीण इंदुमती स्वयंवरात अजाला वरते. पुढे नारदांच्या वीणेवरील पुष्पमाला अंगावर पडून तिचा मृत्यू होतो आणि अजाचा विलाप आठव्या सर्गात येतो. हीच दशरथाची माता, श्रीरामाची आजी. तिवसा तालुक्यातील वर्धाकाठच्या कौंडिण्यपुराशी परंपरेने जसे रुक्मिणीचे, तसे इंदुमतीचेही नाते जोडले आहे. वाल्मीकींनी जे थोडक्यात सांगितले, त्याचा कालिदासाने केवढा विस्तार केला! परंतु काव्यारंभी तो पूर्वसूरींपुढे नम्र होतो आणि मगच लेखणी उचलतो.

विदर्भातीलच पद्मपूरच्या भवभूतीने तर याहून मोठे धाडस केले. वाल्मीकी रामायणाच्या उत्तरकांडात सीता धरणीच्या उदरात जाते. ‘उत्तररामचरिता’त राम-सीतेचे पुनर्मीलन होते. कथेचा शेवटच बदलला! तरीही संस्कृत परंपरेने या नाटकाला मस्तकी धारण केले, कारण रामाचे दुःख आणि सीतेचे तेज यांना त्याने कोठेही धक्का लावला नाही. तात्पर्य, बदल हा अपराध नाही. मूळ पात्राचा स्वभाव न ओळखता केलेला बदल हा अपराध होय.

मात्र हा फरक ओळखणार कोण? ज्याने मूळ वाचले आहे तोच. येथे आपण स्वतःकडे पाहिले पाहिजे. टॉल्किनचा वाचक परिशिष्टातील नोंद दाखवून भांडतो. आपल्यापैकी किती जण रामायणाच्या एखाद्या कांडाचा आधार देऊन बोलू शकतील? पुष्कळ घरांत रामायण म्हणजे दूरदर्शनची मालिका, एवढीच ओळख उरली आहे. अंबादेवीच्या दर्शनाला नित्य जाणाऱ्या अमरावतीकराला तेथील रुक्मिणीहरणाची कथा ठाऊक असते. पण इंदुमती कोण, हे त्याच्या मुलाला ठाऊक असेलच असे नाही. त्या मुलाला मध्यभूमीच्या राजांची वंशावळ पाठ असेल, तर दोष मुलाचा नाही आणि टॉल्किनचाही नाही. रघूच्या वंशाची गोष्ट त्याला कोणी सांगितलीच नाही.

एखाद्या कलाकृतीवर बहिष्काराची हाक देणे सोपे असते. चार दिवस घोषणा होतात, पाचव्या दिवशी विषय संपतो. त्याऐवजी अकोल्याच्या बाबूजी देशमुख वाचनालयासारख्या जुन्या ग्रंथालयांची पायरी चढावी. रात्रीच्या जेवणानंतर ‘रघुवंशा’चा मराठी अनुवाद घरात मोठ्याने वाचावा. सुटीत मुलांना कौंडिण्यपूरला न्यावे आणि वर्धेच्या काठावर इंदुमतीची कथा सांगावी. मुलांनी परदेशी मालिकाही खुशाल पाहाव्यात. चांगली कथा कोणाचीही असो, ती मन मोठेच करते.

उद्या कोणी रामकथेची नवी पूर्वकथा पडद्यावर आणील. ती चांगली असेल तर तिचे कौतुक करण्यासाठी आणि वाईट असेल तर तिला नेमके उत्तर देण्यासाठी घरातला ग्रंथ उघडलेला असला पाहिजे. श्रीरामाच्या आजीच्या माहेरच्या माणसांकडून एवढी अपेक्षा करणे अवाजवी नव्हे.