डीजेसाठी स्वस्तातला मीडिया प्लेअर: कोणता घ्यायचा आणि पैसे कशावर लावायचे?

"दादा, मले प्लेअर घ्याचा हाय. पंचेचाळीस हजार हायेत माह्याजवळ. कोनता घेऊ सांग."

पातूरहून मामेभावाचा हा व्हॉइस मेसेज आला तेव्हा दिवाळी नुकतीच झाली होती. तुळशीचं लग्न लागलं की आपल्याकडे लग्नसराई सुरू होते, म्हणजे त्याच्या हातात जेमतेम दोन आठवडे होते.

तो दोन सीझनपासून एका साउंड सिस्टीमवर ऑपरेटर आहे. ४५ हजारांपैकी २० हजार मामांनी सोयाबीनच्या पैशातून दिलेले, बाकी त्याने स्वतः जमवलेले. मागच्या मे महिन्यात ऐन वरातीत, नवरदेव मंडपाच्या दारात असताना, भाड्याचा लॅपटॉप हँग झाला. सात-आठ मिनिटं नुसती शांतता. मुलीकडच्यांनी ठरलेल्या पैशातून दोन हजार कापले आणि मालकाने ते याच्या हिशोबातून वळते केले. म्हणून आता याला स्वतःचा प्लेअर हवाय.

पण सिस्टीमच्या मालकाचं म्हणणं वेगळं: "प्लेअरले कोन पाह्यते? त्या पैशात दोन बेस टाक, भागीदारी देतो तुले."

म्हणजे प्रश्न दोन झाले. बेस की प्लेअर? आणि प्लेअर घ्यायचा तर कोणता? तुमच्यापैकी अनेकांना हेच पडतं, म्हणून त्याच्यासाठी जो हिशोब मांडला तोच इथे देतोय.

आधी शब्द नीट समजून घेऊ

आपल्याकडे 'डीजे' म्हटलं की पिकअपवर रचलेले बेस आणि टॉप डोळ्यांसमोर येतात. खरं तर डीजे म्हणजे गाणी निवडून एकातून दुसरं सुरू करणारा माणूस, ज्याला आपण ऑपरेटर म्हणतो.

त्याच्या हातातली वस्तू दोन प्रकारची असते. पहिली मीडिया प्लेअर: पेन ड्राइव्ह लावला की स्वतःच गाणं वाजवतो, लॅपटॉप लागत नाही. दुसरी कंट्रोलर: चकत्या आणि बटणं सगळी असतात, पण गाणं वाजतं ते फोन किंवा लॅपटॉपमध्ये. फोन काढला की कंट्रोलर मुका. दुकानात दोन्ही सारखेच दिसतात, त्यामुळे पहिली फसगत इथेच होते.

पायोनियरचा सीडीजे-१००० हा २००१ साली आला आणि क्लबमध्ये रेकॉर्डच्या तबकडीच्या जोडीला सीडी रुळली. २००९ च्या सीडीजे-२००० पासून पेन ड्राइव्हचा काळ पक्का झाला. २०२० मध्ये आलेला सीडीजे-३००० आज मोठ्या क्लबमध्ये दिसतो. तो एक प्लेअर दोन लाखांच्या वर जातो आणि मिक्सिंगसाठी दोन लागतात. तो आपल्या हिशोबातच नाही.

बेस की प्लेअर?

मालकाचा सल्ला चुकीचा का, हे डेसिबलवरून कळतं. ॲम्प्लिफायरची ताकद दुप्पट केली तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला आवाज 'दुप्पट मोठा' वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट ताकद. सोबत बॉक्स वाढवले तर थोडा जास्त फरक पडेल, पण मोठ्या सिस्टीममध्ये दोन बेस टाकून वरातीतल्या माणसाला तो जेमतेम जाणवेल. खिसा मात्र रिकामा.

दुसरी गोष्ट कायद्याची. ध्वनिप्रदूषण नियम २००० सालापासून आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. सार्वजनिक जागी लाऊडस्पीकर लावला तर त्या जागेच्या हद्दीवरचा आवाज तिथल्या मर्यादेपेक्षा १० डेसिबलने जास्त किंवा ७५, यातलं जे कमी असेल त्याच्या वर जाता कामा नये. साधं बोलणंच ६० च्या आसपास असतं, यावरून अंदाज घ्या. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर स्पीकर बंद. सण-उत्सवासाठी राज्य सरकार वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं, पण दवाखाने, शाळा आणि कोर्टांच्या १०० मीटरच्या शांतता क्षेत्राला ती लागू नाही.

नियम जुनेच आहेत, पण वारं बदलतंय. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कुर्ल्यातल्या दोन रहिवासी संस्थांच्या याचिकेवर निकाल दिला. लाऊडस्पीकर हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, असं त्यात म्हटलं. त्याच निकालात टेक्नॉलॉजीच्या कामाची एक गोष्ट आहे: आवाजाची मर्यादा यंत्रातच बसवलेली असावी, असा आदेश देण्याचा सरकारने विचार करावा, असं न्यायालयाने सांगितलं. साउंडच्या भाषेत याला लिमिटर म्हणतात. आवाज ठरावीक पातळीवर गेला की तो वर जाऊच देत नाही. शिवाय पर्यावरण संरक्षण कायद्यात जनविश्वास कायद्याने बदल झाल्यावर दंड १० हजारांपासून १५ लाखांपर्यंत जाऊ शकतो.

आता विचार करा. सगळ्यांचा आवाज एकाच पातळीवर अडणार असेल तर ऑर्डर कोणाला मिळेल? ज्याची गाणी न अडखळता लागतात, ज्याला कुठे काय लावायचं ते कळतं, त्याला. मोठ्या आवाजाच्या जोरावर चालणारा धंदा पुढे आक्रसत जाणार आणि ऑपरेटरच्या हाताला किंमत येणार, असं माझं मत आहे. म्हणून ४५ हजार बेसवर नाही, प्लेअरवर.

तीन रस्ते

पहिला: फोन आणि कंट्रोलर. डीडीजे-एफएलएक्स४ सारखा कंट्रोलर साधारण तीस हजारांच्या आसपास मिळतो आणि फोनलाही जोडता येतो. घरी शिकायला यापेक्षा स्वस्त आणि चांगलं काही नाही. त्याआधी नुसतं ॲप वापरून पाहा. 'जे' किंवा 'एडजिंग' टाका आणि महिनाभर हात बसवा. ब्लूटूथ स्पीकरवर मात्र शिकू नका. बटण दाबल्यावर आवाज उशिरा येतो, त्यामुळे ताल जुळलाय की नाही ते कळत नाही. वायर लावा.

वरातीत हाच रस्ता धोक्याचा आहे. फोन आला, बॅटरी संपली, फोन तापला की गाणं थांबतं. अकोल्याचा मे महिना तुम्हाला सांगायला नको, पारा ४५ च्या घरात. अनेक डीजे प्लेअरच्या मॅन्युअलमध्येच वापराचं तापमान ५ ते ३५ अंश लिहिलेलं असतं. फोन तर त्याहून नाजूक.

दुसरा: ऑल-इन-वन. दोन प्लेअर, मिक्सर आणि स्क्रीन एकाच खोक्यात. नूमार्कचा मिक्सस्ट्रीम प्रो २०२१ मध्ये आला तेव्हा त्याची किंमत ५९९ डॉलर होती. लॅपटॉप लागत नाही, फक्त पेन ड्राइव्ह. पैसे पुरत असतील तर नवीन माणसासाठी हाच मधला मार्ग. एकच उणीव: खोकं एक, म्हणून बिघडलं तर सगळंच बंद.

तिसरा: दोन जुने प्लेअर आणि छोटा मिक्सर. सीडीजे-३५० सारखे २०१० च्या काळातले प्लेअर सेकंडहँड बाजारात फिरत असतात. स्क्रीन छोटा, दिसायला जुनाट, पण पेन ड्राइव्ह वाचतात. आणि एक बंद पडला तरी दुसरा वाजत राहतो. मामेभावाचा मे महिन्यातला घोळ आठवा. त्याला हवं होतं ते हेच.

पेन ड्राइव्हचा फॉरमॅट आणि कंपनीचा फास

स्वस्त प्लेअर घेताना सॉफ्टवेअर कोणाचं हे विचारा. पायोनियर डीजेच्या कंपनीचं नाव २०२० पासून अल्फाथीटा झालंय. तिच्या प्लेअरसाठी गाणी 'रेकॉर्डबॉक्स'मध्ये तयार करतात. डेनॉन आणि नूमार्क हे इनम्यूझिक या दुसऱ्या कंपनीचे, त्यांच्या नव्या स्टँडअलोन मशीनचं सॉफ्टवेअर 'एंजिन'. २०२३ मध्ये अल्फाथीटाने सेराटो ही न्यूझीलंडची सॉफ्टवेअर कंपनी विकत घ्यायचं ठरवलं. पण २०२४ मध्ये तिथल्या वाणिज्य आयोगाने स्पर्धा कमी होईल म्हणून परवानगी नाकारली.

पातूरमधल्या मुलाला याचं काय? यंत्र आणि सॉफ्टवेअर एकाच हातात गेलं की स्वस्त पर्याय कमी होत जातात. म्हणून गाणी साध्या फोल्डरमध्येही नीट लावून ठेवा: 'वरात', 'हळद', 'जयंती', 'गणपती'. उद्या कंपनी बदलली तरी फोल्डर कुठेही उघडतो.

बाकी नियम सोपे:

- जुने प्लेअर एक्सफॅट किंवा एनटीएफएस वाचत नाहीत. ड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा. ३२ जीबीचा घेतला तर विंडोजवर सहज होतं.
- ३२० केबीपीएसची एमपी३ घ्या. चार मिनिटांचं गाणं साधारण १० एमबी होतं, म्हणजे ३२ जीबीत तीन हजारांवर गाणी. जास्त कशाला हवीत?
- १२८ चं गाणं ३२० मध्ये कन्व्हर्ट केल्याने सुधारत नाही, फक्त फाइल फुगते.
- स्ट्रीमिंग ॲपमध्ये ऑफलाइन सेव्ह केलेली गाणी पेन ड्राइव्हवर चालत नाहीत. ती लॉक असतात.
- तोच माल दोन ड्राइव्हवर ठेवा. एक प्लेअरला, एक खिशात.

जुना प्लेअर घेताना

फोटो पाहून पैसे पाठवू नका. स्वतःचा पेन ड्राइव्ह घेऊन जा आणि अर्धा तास वाजवा. यूएसबीचं तोंड हलवून पाहा, गाणं तुटलं तर सोडून द्या. प्ले आणि क्यू ही बटणं शंभरदा दाबा, सगळ्यात आधी तीच झिजतात. चकती फिरवताना खरखर येते का? पिचची पट्टी मधोमध ठेवल्यावर आकडा शून्यावर स्थिर राहतो का? मागच्या आउटपुटला वायर लावून दोन्ही बाजूंनी आवाज येतो का? आणि पाठीमागे धूळ किती आहे ते बघा. वरातीत फिरलेल्या यंत्राच्या पोटात अख्खा रस्ता असतो.

शेवटी काय घेतलं?

मामेभावाने तिसरा रस्ता धरला. अकोल्यात एका ऑपरेटरने नवा सेट घेतला होता, त्याचे दोन जुने प्लेअर ३० हजारांत मिळाले. मिक्सर ७ हजार, हेडफोन ३ हजार, दोन पेन ड्राइव्ह १ हजार. उरलेल्या चार हजारांत मी त्याला एक गोष्ट हट्टाने घ्यायला लावली: कॉम्प्युटरचा छोटा यूपीएस. असे प्लेअर फार वीज खात नाहीत, त्यामुळे तो त्यांना काही मिनिटं सहज धरून ठेवतो.

पहिल्याच लग्नात जनरेटर दोनदा बसला. स्पीकर गप्प झाले, पण प्लेअर चालू राहिले. जनरेटर सुरू होताच गाणं लगेच लागलं, पेन ड्राइव्ह पुन्हा वाचायची वाट पाहावी लागली नाही. कोणी पैसे कापले नाहीत. मालकाने मात्र अजून भागीदारीचा विषय सोडलेला नाही.

जाता जाता दोन गोष्टी. लग्नात आणि वरातीत गाणी वाजवायला वेगळं कॉपीराइट लायसन्स लागत नाही, हे केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये कायद्याच्या कलम ५२(१)(झेडए) चा हवाला देऊन स्पष्ट केलंय. कोणी पावती फाडायला आला तर हे लक्षात ठेवा.

दुसरी कानाची. अमेरिकेतल्या निऑश या संस्थेच्या शिफारशीप्रमाणे ८५ डेसिबलला आठ तास चालतात, पण १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. ऑपरेटर तर स्पीकरच्या पुढ्यात तीन-तीन तास उभा असतो. प्लेअर बिघडला तर अकोल्याला दुसरा मिळेल, कानाला सेकंडहँड बाजार नाही. तेव्हा त्या यादीत शे-दोनशेचे इअरप्लगही लिहा. मामेभावाने अजून घेतलेले नाहीत. पुढच्या वेळी पातूरला जाईन तेव्हा मीच घेऊन जाणार आहे.