डोक्याला मार लागला? आधी खेळ थांबवा

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात २००६ साली झॅकरी लिस्टेड हा १३ वर्षांचा मुलगा अमेरिकन फुटबॉल खेळताना डोक्यावर आपटला. थोडा वेळ बसून तो त्याच सामन्यात पुन्हा उतरला आणि शेवटी कोसळला. मेंदूत रक्तस्राव झाला होता. जीव वाचला, पण बोलायला काही महिने आणि उभं राहायला काही वर्षं लागली.

२००९ साली तिथे त्याच्या नावाने कायदा झाला. प्रशिक्षक, खेळाडू आणि पालक यांना या दुखापतीची माहिती द्यायची, नुसती शंका आली तरी मुलाला बाहेर बसवायचं आणि लेखी वैद्यकीय परवानगीशिवाय परत घ्यायचं नाही.

आपली मुलं कबड्डी, कुस्ती खेळतात. आम्ही शिक्षकांनी पकडीबरोबर हेही शिकवायला हवं की मूल बेशुद्ध झालं नाही, तरी मेंदूला मार बसलेला असू शकतो. डोकेदुखी, चक्कर, उलटी, गोंधळलेलं बोलणं, यांतली एक खूणही पुरे. मूल “काही नाही झालं, सर” म्हणणारच. संघाबाहेर बसायला कुणाला आवडतं? म्हणून निर्णय मोठ्यांनीच घ्यायचा. मैदानावरचं मूल ही आम्हा शिक्षकांकडे सोपवलेली अमानत आहे. अम्मी-अब्बांनीही ‘सामना जिंकलास का?’ या प्रश्नाआधी ‘कुठे लागलं तर नाही ना?’ असं विचारावं.