चाकांवरच्या स्वयंपाकघरात उभे कोण राहणार?



मागच्या वेळी उन्हाळी वाळवणांवर लिहीन असे म्हटले होते. ते राहिले, कारण गेले तीन आठवडे आमच्या घरात एकच वाद चालू आहे. आमच्या ह्यांना विजेवर चालणारी कॅम्परव्हॅन घ्यायची आहे. म्हणजे आत पलंग, ओटा, छोटा फ्रिज आणि (मेल्या त्या व्हिडिओंमध्ये दाखवतात तसे) एक इवलेसे स्नानगृह असलेली गाडी. मुलगा पुण्याहून रोज एक नवा व्हिडिओ पाठवतो आणि हे तो नाश्त्याच्या ताटलीला टेकवून पाहतात. पैसे कुठून येणार? निवृत्तीच्या वेळी केलेल्या एफडीतून. म्हणून आज वाळवणे बाजूला ठेवून स्पष्टच लिहिते.

आधी सांगते, मी विजेच्या गाड्यांच्या विरुद्ध नाही. घरात विजेची स्कूटर आहे, ती मीच चालवते, आणि मंदिर, भाजी, बँक असा माझा सगळा फेरा तिच्यावर होतो. आपले शहर गाड्यांच्या बाबतीत हौशीच. ऑक्टोबर २०१० मध्ये इथल्या मंडळींनी एकत्र येऊन दीडशे मर्सिडीज घेतल्या, सुमारे ६५ कोटींच्या. देशभर बातमी झाली आणि तेव्हा मीही माहेरी फोन करून अभिमानाने सांगितले होते. पुढे २०२२ मध्ये तीच एकगठ्ठा खरेदीची युक्ती ग्रीन मोबिलिटी मिशनच्या नावाने विजेच्या गाड्यांसाठी वापरली गेली. ते मला जास्त शहाणपणाचे वाटले, कारण त्या गाड्या रोज ऑफिसला, कारखान्याला जायच्या होत्या.

खरी मेख इथेच आहे. विजेची गाडी घेताना महाग आणि चालवताना स्वस्त असते. बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला स्थिर खर्च आणि बदलता खर्च शिकवतात, तेवढे ज्ञान इथे पुरते. जेवढी जास्त पळेल तेवढी ती परवडते. बॅटरी तयार करताना जे कोळसा-तेल जळते, तेही गाडी पळाली तरच वसूल होते. मग वर्षातले अकरा महिने कव्हर घालून दारात उभी राहणारी गाडी विजेची घेण्यात कोणती बचत आणि कोणते पर्यावरण? आणि धूर निघत नाही म्हणतात, तो आपल्या गल्लीत निघत नाही एवढेच. आपल्या राज्यातली बरीचशी वीज अजून कोळशावरच होते. धूर परळीला, कोराडीला, चंद्रपूरला निघतो. ह्यांनी अहिंसेचा मुद्दा काढला तेव्हा मी एवढेच विचारले, “अहो, परळीच्या माणसांना फुप्फुसे नसतात का?”

आता हिशेब. गाडी आणि आतली बांधणी मिळून २४ लाखांचा अंदाज आला आहे. एफडी मोडली की सात टक्क्यांनी वर्षाचे १,६८,००० रुपये व्याज गेले. दहा वर्षांनी गाडीचे चार लाख आले असे धरले तर घसारा वर्षाला दोन लाख. विमा आणि देखभाल साठ हजार. झाले ४,२८,०००. मागच्या वर्षीच्या कॅलेंडरवर मी खुणा मोजल्या, आम्ही घराबाहेर राहिलो बावीस रात्री. उदारपणे तीस धरू. तरी एका रात्रीला चौदा हजार दोनशे रुपये, आणि यात चार्जिंगचा पैसा नाही. क्षेत्रावरच्या धर्मशाळेतली खोली काही शे रुपयांत मिळते, तीही पंख्यासकट.

“डिझेल वाचेल ना,” हे म्हणाले. तेही मांडले. वर्षाला पाच हजार किलोमीटर धरले तर विजेवर साधारण पंधरा हजार वाचतात. शासनाने २०२५ च्या धोरणात समृद्धी आणि पुणे एक्स्प्रेस-वेवर विजेच्या मोटारींना टोलमाफी दिली. ती आपल्याला मिळेल असे समजून आणखी दहा हजार धरले. डिझेलच्या तशाच गाडीपेक्षा ही सात लाखांनी महाग आहे. सात लाख भागिले पंचवीस हजार, अठ्ठावीस वर्षे. हे आता अडुसष्ट वर्षांचे आहेत. शहाण्णवाव्या वर्षी आम्ही फायद्यात येऊ. बॅटरीची वॉरंटी आठ वर्षांची असते, ते मी मुद्दामच बोलले नाही.

आकड्यांना हे नेहमीच हसतात, म्हणून मी टेप घेऊन बाहेर गेले. आमचे सिडकोचे रो-हाउस आहे. गेटच्या आत साडेतेरा फूट जागा. गाडी साडेसतरा फुटांची. म्हणजे चार फूट गाडी गल्लीत. आमच्या गल्लीत कोण येते हे इथे राहणाऱ्यांना सांगायला नको. टँकर! जायकवाडीचे नाथसागर भरलेले असते आणि साठेक किलोमीटरवरच्या आपल्या नळाला मात्र वर्षानुवर्षे आठ-आठ दिवसांनी पाणी येत आले आहे. उन्हाळ्यात टँकर गल्लीत वळला नाही तर पलीकडच्या सहा घरांचे हंडे कोरडे. त्यातल्या एका घरात अंथरुणाला खिळलेल्या आजी आहेत. आमच्या हौसेची गाडी हलवायला हे घरी नसले, तर त्या आजींना मी काय सांगू? आणि गाडीच्या टाकीत शंभर लिटर पाणी भरायचे, तेही याच नळाचे.

त्या इवल्या स्नानगृहाबद्दलही बोलायला हवे. व्हिडिओत त्याचा मैला कुठे जातो ते कधी दाखवत नाहीत. तो एका डब्यात साठतो, त्यात औषध घालतात आणि तो डबा कुठेतरी रिकामा करायचा असतो. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, त्यात अशा गाड्यांसाठी खास तळांची कल्पना आहे. पण आपल्या शहरात, आपल्या गल्लीत तो डबा कोण आणि कुठे ओतणार? आपले मुनी निर्जंतुक जागा पाहून मगच मलविसर्जन करतात, पाच समित्यांपैकी एक समिती त्यासाठीच आहे. आणि आपण श्रावक औषधाने मारलेला डबा घेऊन नाला शोधत फिरायचे.

आता ह्यांचा सगळ्यात चांगला मुद्दा, ज्यावर मी दोन दिवस गप्प होते. “तुझ्यासाठीच घेतोय. शुद्ध खाणे, गाळलेले पाणी, सूर्यास्ताच्या आत जेवण, सगळे आपल्या हातात.” खोटे कशाला बोलू, डोळ्यांत पाणी आले. चाळीस वर्षे मी प्रवासात डबे, गाळणे आणि शेगडी वाहिली आहे. एसटीत, रेल्वेच्या फलाटावर, एकदा मनमाडला भर पावसात, सूर्य मावळायच्या आत दोन मुलांना भरवले आहे. अशी गाडी तेव्हा असती तर मी मंगळसूत्र गहाण ठेवले असते.

पण मैत्रिणींनो, त्या वाक्यातले “आपल्या हातात” म्हणजे कुणाच्या हातात? व्हिडिओतला नवरा खुर्ची टाकून डोंगर बघतो आणि बायको आत वाकून कांदा चिरते (आपल्याकडे तोही नाही, दुधी). मला आता गुडघे आहेत. यात्रेला गेल्यावर चार दिवस ओटा दिसत नाही, हेच माझे सुख उरले आहे. कचनेरला किंवा कुंथलगिरीला भोजनशाळेत दिवस असताना गरम जेवण वाढले जाते, पाणी गाळलेले असते, आणि ताट कुणीतरी दुसरे उचलते. हे सोडून मी माझेच स्वयंपाकघर चाके लावून मागे ओढत नेऊ? शिवाय मांगीतुंगीच्या पायऱ्या गाडी चढत नाही. कचनेरच्या कार्तिकी यात्रेला तर लोक शहरातून पायी जातात.

परिग्रहाचेही सांगते. आम्ही दोघांनी परिमाण घेतले आहे, त्यात वाहने दोन. स्कूटर आणि जुनी मोटार, संख्या भरली. हे म्हणाले, “कॅम्पर हे घर आहे, वास्तूत धर.” वास्तूतही एकच लिहिली आहे म्हटल्यावर म्हणाले, मग ते अर्धे घर, अर्धे वाहन. दोन्ही खात्यांतून निसटणारी नोंद आमच्या अकाउंटन्सीच्या सरांनी लाल पेनाने खोडली असती. मर्यादा आखून घेतल्यावर तिच्या कडेकडेने वाट काढणे, यालाच अतिचार म्हणतात.

मला उपाय सुचत नाही असेही नाही. संघाच्या विहारात चौक्याची सोय लागते, आजारी वृद्धांना क्षेत्रदर्शनाला न्यायचे असते. दीडशे जणांनी मिळून दीडशे गाड्या घेता येतात, तर दहा घरांनी मिळून एक घ्यावी. ती मंदिराच्या आवारात उभी राहील, वर्षातले दोनशे दिवस पळेल, आणि मग विजेची असण्याला अर्थ येईल. त्यात मी माझे एक लाख आजच देते. हे म्हणतात, सामाईक वस्तूला कुणी पुसत नाही. त्यात तथ्य आहे, आमच्या कॉलनीच्या जनरेटरचे काय झाले ते मी पाहिले आहे. तरीही पुसायची जबाबदारी मी घ्यायला तयार आहे.

मुलाने काल पुन्हा व्हिडिओ पाठवला, नॉर्वेचा. मी त्याला उलट आमच्या गल्लीत वळणाऱ्या टँकरचा पाठवला. एफडी दोघांच्या नावावर आहे, मुदतीआधी मोडायला दोघांच्या सह्या लागतात. ह्यांनी सही करून फॉर्म देव्हाऱ्याशेजारच्या कपाटावर ठेवला आहे. त्यावर मी पापडाच्या पिठाचा डबा ठेवला आहे.