शाळेतील संगणक : यंत्र आले, विद्या कोठे राहिली?

नव्या शैक्षणिक धोरणाने (2020) माध्यमिक टप्प्यापूर्वीच, म्हणजे साधारणतः सहावीपासून, मुलांना संगणकाच्या आज्ञावलीची ओळख करून देण्याचा संकल्प सोडला आहे. संकल्प स्तुत्य आहे, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. तथापि असा संकल्प या देशात प्रथमच सोडला जात आहे, असा कोणाचा समज असल्यास तो मात्र खरा नव्हे. चाळीस वर्षांपूर्वी, 1984 साली, केंद्र सरकारने ‘क्लास’ या नावाने असाच एक उपक्रम हाती घेतला होता. आरंभी अडीचशे शाळा निवडल्या गेल्या आणि त्यांच्या वर्गांत जे यंत्र दाखल झाले ते होते ब्रिटनमधील एकॉर्न कंपनीचे ‘बीबीसी मायक्रो’. पुढे हा उपक्रम दोन हजारांहून अधिक शाळांपर्यंत पसरला. मोहालीच्या सेमिकंडक्टर कॉम्प्लेक्स या सरकारी कारखान्यात त्याची ‘युनिकॉर्न’ नावाची भारतीय आवृत्तीही निघाली. 1989 साली त्या कारखान्याला लागलेल्या आगीने देशाच्या इलेक्ट्रॉनिक उद्योगाचे केवढे नुकसान केले, हा स्वतंत्र विषय आहे.

हे यंत्र होते तरी कसे? 1981च्या डिसेंबरात बाजारात आलेला हा घरगुती संगणक आजच्या मापाने अगदीच दुबळा म्हणावा लागेल. त्याच्या ‘बी’ नमुन्याची स्मृती अवघी 32 किलोबाइट, प्रक्रियकाचा वेग 2 मेगाहर्ट्झ, आणि पडदा म्हणून घरचा टीव्ही संच. आज्ञावली साठवायची ती गाण्यांच्या कॅसेटवर. उत्तम प्रतीचे चित्र पडद्यावर उमटवायचे ठरवले, तर त्या 32 किलोबाइटांपैकी 20 चित्रानेच गिळून टाकावेत. मग विद्यार्थ्याच्या आज्ञावलीला उरणार ते किती? परंतु बटण दाबताच क्षणार्धात ते मुलाच्या पुढ्यात ‘बेसिक’ भाषेची पाटी ठेवीत असे आणि सांग, काय करू, असे जणू विचारीत असे. मधे दुकान नव्हते, परवानगी नव्हती. सोबतच्या जाडजूड पुस्तिकेत यंत्राच्या अंतरंगाची हकीगत मोकळेपणाने दिलेली होती. बाहेरची उपकरणे जोडण्यासाठी खाली आणि मागे कितीतरी खिडक्या होत्या. तापमान मोजणे, दिवा पेटविणे असले प्रयोग शाळेच्या प्रयोगशाळेतही करता येत. सोफी विल्सन यांनी रचलेली त्याची बेसिक भाषा त्या काळच्या घरगुती यंत्रांतील भाषांहून कितीतरी शिस्तशीर होती.

ब्रिटनमध्ये हे यंत्र एकटे आले नव्हते, ही गोष्ट मुद्दाम ध्यानात घ्यावयास हवी. बीबीसीने संगणक-साक्षरतेची एक मोहीम आखली होती. 1982च्या जानेवारीत दूरचित्रवाणीवर तिची मालिका सुरू झाली. यंत्र हा तिचा केवळ एक भाग होता. भारताने मात्र यंत्र उचलले आणि त्याभोवतीचा संसार मागे ठेवला. शिक्षकांना काही आठवड्यांचे प्रशिक्षण देऊन वर्गात सोडण्यात आले. पाठांचा भरणा इंग्रजीतला. परीक्षेत या विषयाला स्थान नाही, तेव्हा मुख्याध्यापकाने त्यासाठी वेळापत्रकातली तासिका कोठून काढावी? पेटीला कुलूप लागले तर त्याबद्दल केवळ शाळेला दोष देऊन चालणार नाही.

मराठी भाषेपुरते बोलायचे, तर अडचण याहून मूलगामी होती. या यंत्रात अक्षराचा आकार आठ गुणिले आठ ठिपक्यांचा. विद्यार्थ्याला आपल्या मनाप्रमाणे अक्षरे घडविता येत, ही सोय खरीच होती. पण शिरोरेषा, वर वेलांटी, खाली उकार आणि त्यात जोडाक्षर, एवढा प्रपंच आठ ठिपक्यांच्या उंचीत मावावा कसा? देवनागरीसाठी भारतीय लिप्यांची प्रमाण संकेतप्रणाली 1991 साली निश्चित झाली. पुण्याच्या सी-डॅकची स्थापनाही 1988ची. म्हणजे यंत्र आधी आले, लिपी मागाहून. मराठी मुलास संगणक हा इंग्रजीच्या दारातून दिसला, तो तसाच पुढे राहिला. 2001 नंतर एमएस-सीआयटीने हे दार बरेच रुंद केले, पण त्याचा रोख संगणक वापरण्यावर होता, त्यास काम सांगण्यावर नव्हे. या दोहोंतील अंतर चालक आणि यंत्रकार यांच्यातील अंतराएवढे आहे.

आता तेरणा नदीकाठच्या माकणीकडे पाहावे. 1993च्या भूकंपाने हादरलेल्या या पट्ट्यात किती गावे नव्या जागी वसली, किती शाळा नव्या भिंतींनी उभ्या राहिल्या! आज तेथील कोणाच्याही खिशात मोबाइल असेल, तर बहुधा त्याच्या आतला प्रक्रियक याच बीबीसी मायक्रोच्या घराण्यातला असतो. 1985च्या एप्रिलमध्ये विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी घडविलेला ‘आर्म’ प्रक्रियक प्रथम चालविला गेला, तो बीबीसी मायक्रोलाच जोडून. 1990 साली त्यासाठी वेगळी कंपनी निघाली आणि आज जगातील जवळजवळ सर्व मोबाइल संच त्या रचनेवर चालतात. म्हणजे वारसा घरोघर पोचला. परंतु पोचला तो बंद पेटीच्या रूपाने. मुलास त्याचे झाकण उघडता येत नाही, त्यास आपली आज्ञा लिहिता येत नाही. पडद्यावर बोट फिरविणे एवढेच त्याच्या वाट्याला उरते.

हाच धोका नव्या उपक्रमाला आहे. निविदा निघतील, टॅब्लेट वाटले जातील, छायाचित्रेही निघतील. ते हाताळणाऱ्या शिक्षकास मराठीत लिहिलेली पुस्तिका कोण देणार, यंत्र बिघडल्यास तालुक्याच्या ठिकाणी दुरुस्ती कोण करणार, आणि त्या तासिकेचे गुण कोठे धरणार, याची तरतूद खरेदीच्या रकमेइतकीच ठळकपणे कागदावर यावयास हवी. ब्रिटनने 2016 साली ‘मायक्रोबिट’ नावाचे हातात मावणारे उघडे यंत्र अकरा-बारा वर्षांच्या सुमारे दहा लाख मुलांना फुकट वाटण्याचा घाट घातला, तेव्हा बीबीसीपुढे 1982 सालचा आपला अनुभव होता. दिल्ली आणि मुंबई यांच्यासमोर ‘क्लास’चा अनुभव आहे, त्याचे लेखाजोखे सरकारच्याच दप्तरात पडलेले आहेत. ते धोरण लिहिणाऱ्यांनी एकदा काढून वाचले, तर माकणीच्या सहावीतील मुलांपुढे काय ठेवायचे आणि काय ठेवून उपयोग नाही, हे ठरविण्यास नव्या समितीची गरज पडणार नाही.