बाराव्या गड्याचे अर्थकारण

भाताची कापणी उरकली की उरणपासून श्रीवर्धनपर्यंत रायगडच्या किनारपट्टीवर खाचरांतील ढेकळे फुटतात, जमीन चोपली जाते आणि खेळपट्ट्या तयार होतात. अलिबाग-मुरूडच्या वाळूवर ओहोटीच्या वेळी डाव मांडले जातात आणि भरतीचे पाणी चढू लागले की ते आपोआप संपतात. गावोगावच्या या टेनिस चेंडूच्या स्पर्धांतून एखादा गोलंदाज असा निघतो की, शेजारच्या गावाचे संघ त्याला मुद्दाम बोलावून नेतात. आज या गावाकडून, उद्या त्या गावाकडून तो खेळतो. पंचक्रोशीत त्याचे नाव दुमदुमते, आणि पंचक्रोशीबाहेर ते कोणालाही ठाऊक नसते. पंचविशी उलटली की घरची मंडळी विचारू लागतात, ‘आता पुढे काय?’ प्रश्न घरगुती वाटतो. परंतु मूलतः तो अर्थशास्त्राचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर त्या मुलाने एकट्याने द्यावे अशी अपेक्षा बाळगणे अन्यायाचे आहे.

अमेरिकेतील बेसबॉलमध्ये अशा खेळाडूसाठी ‘जर्नीमन’ हा शब्द रूढ आहे. मूळचा हा शब्द कारागिरांच्या पेढ्यांतला. उमेदवारी संपली आहे, हात तयार झाला आहे, पण स्वतःचे दुकान नाही म्हणून जो रोजावर काम करतो, तो जर्नीमन. एडविन जॅक्सन या पिचरने 2003 ते 2019 या काळात तेथील सर्वोच्च पातळीवरील 14 निरनिराळ्या संघांकडून चेंडू टाकला. याहून अधिक संघ दुसऱ्या कोणाच्याही वाट्याला आलेले नाहीत. अर्थात जॅक्सन हा त्यांतला भाग्यवानच म्हटला पाहिजे. त्याच्या खालच्या पायऱ्यांवर वर्षानुवर्षे बसमधून गावोगाव हिंडणारे हजारो खेळाडू आहेत. सर्वोच्च पातळीच्या लगतच्या पायरीवर त्यांचे किमान वार्षिक वेतन 2023 पर्यंत 17,500 डॉलर होते. त्यांनी संघटना केली, मालकांशी पहिला सामूहिक करार झाला आणि ते 35,800 डॉलरवर गेले. संपन्न देशातही ही वाढ कोणा धनिकाच्या औदार्याने मिळाली नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

आपल्याकडे या जातकुळीतले सर्वांत ठळक उदाहरण प्रवीण तांबे यांचे. 8 ऑक्टोबर 1971 रोजी मुंबईत जन्मलेल्या तांबे यांनी मे 2013 मध्ये राजस्थान रॉयल्सकडून आयपीएलमध्ये पदार्पण केले, तेव्हा त्यांचे वय 41 होते आणि तोपर्यंत त्यांनी एकही प्रथमश्रेणी सामना खेळलेला नव्हता. त्याच वर्षीच्या चँपियन्स लीगमध्ये पाच सामन्यांत 12 बळी घेऊन ते स्पर्धेतील सर्वाधिक बळींचे मानकरी ठरले आणि त्यानंतर मुंबईच्या रणजी संघाचे दार त्यांच्यासाठी उघडले. मे 2014 मध्ये कोलकात्याविरुद्ध त्यांनी हॅटट्रिक साधली. पुढे गुजरात लायन्स, नंतर हैदराबाद, अशी त्यांची भ्रमंती चालू राहिली. आयपीएलमधील त्यांची एकूण कमाई 33 सामने आणि 28 बळी. 2022 मध्ये त्यांच्या आयुष्यावर चित्रपटही निघाला.

चिकाटी की पगार?

या कथेचे तात्पर्य सामान्यतः एकच सांगितले जाते : चिकाटी सोडू नका, यश केव्हा ना केव्हा येतेच. शाळांच्या स्नेहसंमेलनांत आणि बक्षीस समारंभांत असे सांगणे सोयीचे असते. परंतु कथा नीट वाचली तर तिच्यातून निराळाच बोध निघतो. तांबे सुरुवातीला मध्यमगती गोलंदाज होते. ओरिएंट शिपिंग या कंपनीच्या संघात खेळत असताना त्यांच्या कर्णधाराने त्यांना लेगस्पिनकडे वळवले. म्हणजे आयुष्यातला निर्णायक बदल त्यांना निवड समितीने सुचवला नाही, तो एका कंपनीच्या संघात घडला. टाइम्स शील्डसारखी कंपन्यांची स्पर्धा, 1948 पासून भर पावसात चालत आलेली कांगा लीग आणि महिन्याच्या महिन्याला मिळणारा पगार या तीन आधारांवर दोन दशकांची प्रतीक्षा उभी होती. चिकाटी त्यांची स्वतःची होती यात शंका नाही. पण चिकाटीलाही दोन वेळचे जेवण लागते.

पद्माकर शिवलकर यांचे उदाहरण याहून बोलके आहे. 1961-62 ते 1987-88 या काळात 124 प्रथमश्रेणी सामन्यांत या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाने 589 बळी घेतले. 1972-73 च्या रणजी अंतिम सामन्यात मद्रासला तामिळनाडूविरुद्ध त्यांनी एका डावात 16 धावांत 8, तर दुसऱ्यात 18 धावांत 5 बळी टिपले. तरीही भारताकडून एकही कसोटी त्यांच्या वाट्याला आली नाही, कारण त्यांच्याच काळात, त्याच हाताने गोलंदाजी करणारे बिशनसिंग बेदी संघात होते. 2017 मध्ये मंडळाने त्यांना जीवनगौरव पुरस्कार दिला. मार्च 2025 मध्ये त्यांचे निधन झाले. शिवलकरांच्या चिकाटीत काय उणे होते? काहीच नाही. चिकाटी तीच, कर्तृत्व कितीतरी मोठे, आणि फळ मात्र निराळे. मग चिकाटीला यशाची हमी म्हणून तरुणांच्या हाती देणे प्रामाणिकपणाचे आहे काय?

अ‍ॅडम स्मिथने 1776 मध्येच असे दाखवून दिले होते की, ज्या व्यवसायात वीसजण हरतात तेव्हा एक जिंकतो, तेथे न्याय्य हिशेबाने त्या एकाला वीसजणांचे हरपलेले उत्पन्न मिळावयास हवे. आणि तरुण वयात माणूस आपल्या नशिबाचा अंदाज नेहमी फाजील करतो. 1981 मध्ये शेर्विन रोझेन या अर्थशास्त्रज्ञाने या विचारात भर घातली. एकाच कलावंताचे वा खेळाडूचे कर्तब लाखो प्रेक्षकांपर्यंत पोहोचू लागले की गुणवत्तेतील बारीकसा फरकही उत्पन्नात प्रचंड दरी पाडतो, असे त्याचे प्रतिपादन. नोव्हेंबर 2024 च्या आयपीएल लिलावात सर्वांत कमी आधारभूत किंमत 30 लाख रुपये होती आणि सर्वाधिक बोली 27 कोटींची लागली. एक खेळाडू दुसऱ्याहून नव्वदपट चांगला खेळतो असे कोणीही म्हणणार नाही; पण बाजाराने किंमत मात्र नव्वदपट लावली.

कडेलोटाची जागा

खरी दरी मात्र त्या दोघांमधील नव्हे. 30 लाखवालाही अखेर लिलावाच्या आत आहे. 2021 च्या सुधारणेनंतर रणजी सामन्यात नवोदित खेळाडूलाही दिवसाला 40,000 रुपये मानधन मिळू लागले. सात साखळी सामन्यांचे 28 दिवस धरले तर ही रक्कम 11 लाख 20 हजार होते. अकरात नसलेल्या राखीव खेळाडूला त्याच्या निम्मे. आणि जो या यादीतच नाही, ज्याचे नाव संभाव्य खेळाडूंत येते आणि गळते, त्याच्या पदरी शून्य. पायऱ्या उतरत जाव्यात तसे हे उत्पन्न उतरत नाही. ते एकदम कड्यावरून कोसळते. रायगडच्या मुलाला तर हा कडा अधिकच दूर. मांडव्याहून लाँचने तासाभरात मुंबई गाठता येते. परंतु क्रिकेटच्या नकाशावर अलिबाग मुंबईचे नाही, महाराष्ट्र संघटनेच्या कक्षेतले आहे. म्हणजे समोर दिसणाऱ्या मैदानाकडे पाठ करून घाट चढावयाचा.

कबड्डी हा तर या जिल्ह्याचा घरचा खेळ. तेथेही चित्र असेच पालटले आहे. 2014 मध्ये प्रो कबड्डीच्या पहिल्या लिलावात सर्वाधिक बोली 12 लाख 80 हजारांची होती; 2018 मध्ये ती दीड कोटीवर गेली. मातीतल्या खेळाला हा मान मिळाला याचा आनंदच मानावयास हवा. पण लीगचा करार हंगामापुरता असतो आणि चढाईत गुडघा गेला तर पुढचा हंगाम येत नाही. याउलट रेल्वे, बँका आणि पेट्रोलियम कंपन्यांनी खेळाडूंना दिली ती नोकरी होती. एकेकाळी मफतलाल, निरलॉन यांसारख्या खासगी कंपन्यांचेही संघ मैदाने गाजवीत. या व्यवस्थेने कोणाला श्रीमंत केले नाही, पण गुडघा गेल्यावरही माणूस सकाळी टेबलापाशी जाऊन बसू शकत होता आणि साठीला निवृत्त होऊ शकत होता.

या व्यवस्थेवर आक्षेप घेतले जातात, आणि ते सर्वस्वी निराधार नाहीत. खेळाडूच्या नोकरीचा खर्च अखेर ग्राहकावर किंवा करदात्यावर पडतो. शिवाय ज्याच्यात गुणच नाहीत त्याने मैदानाला किती वर्षे चिकटून राहावे, यालाही मर्यादा हवी. परंतु चारजणांनी झळकावे म्हणून चारशेजणांनी घाम गाळावा लागतो. सरावात समोर चेंडू टाकणारा नसेल तर मोठा फलंदाज तयार होत नाही. प्रेक्षक तिकिटाचे पैसे देतात ते या संपूर्ण उतरंडीच्या फळासाठी; आणि वाटा मात्र केवळ वरच्या गाडग्याला मिळतो. हा खर्च उधळपट्टी नव्हे, उत्पादनाचाच खर्च आहे.

शिवाय बाजाराचे गोडवे गाणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की, हा बाजार खेळाडूला मोकळाही सोडत नाही. सायमन रॉटेनबर्गने 1956 मध्ये बेसबॉलच्या श्रमबाजाराचे विश्लेषण करताना खेळाडूला एकाच मालकाशी जखडून ठेवणाऱ्या कलमाची चिकित्सा केली होती. ते कलम मोडण्यासाठी कर्ट फ्लड सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, 1972 मध्ये हरला, आणि 1975 मध्ये लवादाच्या निर्णयाने इतरांना ते स्वातंत्र्य मिळाले. आपल्याकडे तांबे यांना 48 व्या वर्षी कोलकात्याच्या संघाने 20 लाखांना घेतले. परंतु त्यापूर्वी ते परदेशातील टी-10 स्पर्धेत खेळले होते, म्हणून मंडळाच्या नियमानुसार अपात्र ठरले. त्याच 2020 साली ते कॅरिबियन लीगमध्ये खेळणारे पहिले भारतीय झाले. देशात मागणी नसेल त्या काळातही परदेशी काम नको, हा नियम करोडोंच्या धन्याला परवडतो. रोजावरच्या कारागिराला तो परवडत नाही.

काय करता येईल?

उपाय अवघड नाहीत. लीगच्या प्रत्येक करारातून ठराविक हिस्सा भविष्यनिर्वाह निधीत जावा आणि तितकाच संघमालकाने भरावा. कारखान्यातील कामगाराला जे मिळते ते मैदानावरच्या कामगाराला का नको? गावच्या स्पर्धांत मोठमोठी बक्षिसे लावणाऱ्यांनी त्यांतला थोडा भाग खेळाडूंच्या अपघात विम्यासाठी राखावा. राज्य शासनाच्या सेवेतील खेळाडूंच्या 5 टक्के आरक्षणाचा निकष विहित स्पर्धांतील यशाशी बांधलेला आहे. सलग काही वर्षे जिल्ह्याकडून वा राज्याकडून खेळल्याचीही त्यात काही गणना व्हावी. महाविद्यालयांनी सामन्यासाठी हुकलेली परीक्षा पुन्हा घ्यावी, आणि अठ्ठाविसाव्या वर्षी परतलेल्या खेळाडूला पदवी पुरी करण्याचा रस्ता दाखवावा. 1989 पासून मुक्त विद्यापीठ याच कामासाठी आहे.

यांतील काही कामे दिल्ली-मुंबईतील आहेत. परंतु काही शाळेच्या शिक्षकखोलीत आणि ग्रामपंचायतीच्या कचेरीत बसून होण्यासारखी आहेत. शिक्षकांनी मुलाला खेळापासून परावृत्त करू नये, तसेच त्याला खोटी आशाही दाखवू नये. तांबे यांची कथा सांगताना शिवलकरांचीही सांगावी, आणि दोघांच्या मागे उभ्या असलेल्या त्या अनामिक चारशेजणांची आठवण द्यावी.

यंदाही कापणीनंतर खाचरांत खेळपट्ट्या होतील. सीमारेषेबाहेर पाण्याची बाटली घेऊन बसलेला बारावा गडी आपल्या पाळीची वाट पाहील. त्याची पाळी येईलच असे वचन कोणीही देऊ शकत नाही. परंतु ती आली नाही तरी तो आयुष्यातून बाद होणार नाही, एवढी व्यवस्था समाजाला नक्कीच करता येईल.