युद्धातले मृत्यू मोजतात कसे?

जगात २०२४ मध्ये, किमान एका बाजूला सरकार असलेले ६१ सशस्त्र संघर्ष सुरू होते; १९४६ पासूनचा हा उच्चांक. स्वीडनच्या उप्साला विद्यापीठाची ही नोंद बातम्यांत वारंवार येते. पण हा आकडा ठरतो कसा?

उप्सालाचा निकष सरळ आहे : लढाईत वर्षभरात किमान २५ मृत्यू. बातम्या आणि विविध संस्थांचे अहवाल तपासून एकेक घटना नोंदवली जाते. जिथे बातमीदार पोहोचत नाही, तिथले मृत्यू निसटतात. म्हणून हा आकडा बहुधा कमीच असतो. उपासमार, आजार किंवा उपचार न मिळाल्याने गेलेली माणसे तर त्यात धरलेलीच नसतात.

दुसरी पद्धत साथरोगतज्ज्ञांची. काही घरे निवडायची, तिथे कोण, कधी, कशाने वारले हे विचारायचे आणि त्यावरून देशाचा अंदाज बांधायचा. इराकमध्ये मार्च २००३ ते जून २००६ या काळासाठी एका पाहणीने सुमारे सहा लाख हिंसक मृत्यू सांगितले, दुसरीने दीड लाख. पहिलीत १,८४९ घरे होती, दुसरीत ९,३४५. घरे किती, कशी निवडली आणि घरच्यांनी काय सांगितले, यावर उत्तर बदलते.

हा प्रश्न कळंबपासून दूरचा नाही. सप्टेंबर १९४८ च्या पोलिस कारवाईआधी रझाकारांनी मराठवाड्यात लुटालूट आणि हत्या केल्या. कारवाईच्या काळात आणि नंतर मुस्लिमांवर हल्ले झाले. केंद्राने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने नऊ जिल्हे फिरून, १०९ गावांतल्या ५०० हून अधिक लोकांशी बोलून, कारवाईच्या काळात व नंतर संस्थानात २७ ते ४० हजार माणसे मेल्याचा अंदाज दिला. त्यातले किमान १८ हजार उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांतले. घरोघरी मोजणी झाली नाही आणि अहवाल कित्येक दशके दडून राहिला. त्यामुळे आजही जो तो आपल्या सोयीचा आकडा पुढे करतो.

म्हणून युद्धाचा आकडा वाचताना तीन गोष्टी पाहाव्यात : मोजले कोणी, मृत्यू कोणते धरले आणि अंदाजाची वरची-खालची मर्यादा किती. १९४८ पाहिलेली माणसे आता ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांच्या आठवणी, दोन्ही बाजूंच्या, नाव-गावासह लिहून ठेवायला अजून थोडाच अवधी उरला आहे.