डुलणाऱ्या नौकेचे फसवे सुख

पश्चिम किनाऱ्यावरील मासेमारीची पावसाळी बंदी ३१ जुलैला संपते आणि नारळी पौर्णिमेच्या आगेमागे ससून डॉकपासून मालवणपर्यंतच्या बंदरांतून यांत्रिक नौका समुद्रावर जाऊ लागतात. त्या सुमारास चर्चा होते ती डिझेलवरील सवलतीची, मासळीच्या भावाची आणि परराज्यांतील नौकांच्या घुसखोरीची. हे प्रश्न महत्त्वाचे आहेत यात शंका नाही. परंतु ज्या नौकेवर तांडेल आणि त्याचे खलाशी दिवसचे दिवस राहणार, ती नौका लाटांवर वागते कशी, सुकाणूला दाद देते किती आणि कलली तर सरळ होते का, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. किनाऱ्यावरील माणसाला तो केवळ तांत्रिक वाटतो. वस्तुतः तो माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात भारतीय मासेमारीला यंत्राची जोड देण्याचे प्रयत्न सुरू झाले. १९५२ साली नॉर्वेशी करार होऊन केरळातील नींडकरा येथे प्रकल्प उभा राहिला आणि १९५७ साली कोचीन येथे मत्स्य तंत्रज्ञानाची केंद्रीय संस्था स्थापन झाली. आपल्या किनाऱ्यावर मात्र आरंभी नव्या नौका बांधण्यापेक्षा सातपाटी, वेसावे येथील शिडाच्या नौकांच्याच पोटात डिझेल एंजिन बसविण्यात आले, कारण या नौकांची बांधणी त्याला मुळातच अनुकूल होती. पुढे शीड गेले आणि त्याच्या जागी केबिन आली. या बदलात काय गमावले त्याचा हिशेब कोणी मांडला नाही. शीड नौकेला नुसते पुढे नेत नसे; वाऱ्याच्या दाबाने ते तिला एका कुशीवर धरून ठेवी आणि तिचे हेलकावे आवरीत असे. शीड उतरताच तीच नौका अधिक डोलू लागली.

तरीही पोटात एंजिन असलेली ही जुनी लाकडी नौका टाकाऊ म्हणता येणार नाही. एंजिनाचे वजन तळाशी आणि मध्याच्या आसपास असल्याने तिचा गुरुत्वमध्य खाली राहतो. लांब पठाणामुळे ती रेषेत चालते, आणि तिचे जड शरीर लाटेबरोबर एकदम उसळत नाही. तिचे दोषही तितकेच ठळक आहेत. पंखा एकच असल्याने मागे घेताना तिचा पिछाडीचा भाग एका बाजूला ओढला जातो. सुकाणूला जोर मिळतो तो मुख्यतः पंख्याने फेकलेल्या पाण्याचा. एंजिन मंद केले की सुकाणूही मंद होते. खाडीच्या मुखाशी मागून मोठी लाट आली, पिछाडी उचलली गेली आणि सुकाणू पाण्याबाहेर आले, तर नौका आडवी फिरून कुशीवर पडण्याचा धोका असतो. अनुभवी तांडेल लाट ठीक पाठीशी घेऊन वेग राखतो तो यासाठीच.

परंतु खरा धोका याहून सूक्ष्म आहे. नौका कलली असता तिला सरळ करणारे बळ किती, हे तिच्या गुरुत्वमध्याच्या आणि मेटासेंटर नावाच्या बिंदूच्या उभ्या अंतरावर अवलंबून असते. फ्रेंच शास्त्रज्ञ बुगेर याने १७४६ साली ही कल्पना मांडली. हे अंतर मोठे असेल तर नौका झटक्याने सरळ होते. तिचे डोलणे जलद आणि त्रासदायक असते. अंतर कमी असेल तर ती संथ, लांबलचक डुलते आणि खलाशाला झोपाळ्यात बसल्यासारखे वाटते. म्हणजे जी नौका अंगाला सुखाची, तीच बहुधा कलंडण्याच्या अधिक जवळ! नौका पूर्वीपेक्षा ‘मऊ’ चालू लागली म्हणून मालक खूश होतो, तेव्हाच खरे तर त्याने सावध व्हावयास हवे.

आणि आपल्या नौका असे मऊ होण्याची कारणे डोळ्यांसमोर आहेत. केबिन उंच होते, तिच्या छपरावर पाण्याची टाकी चढते, त्याच्या शेजारी जाळ्यांचा ढीग येतो, बर्फाची पेटी तळाऐवजी वरच्या फळीवर ठेवली जाते. प्रत्येक भर लहान, परंतु सगळे मिळून गुरुत्वमध्य वर सरकतो. अर्धी भरलेली टाकी तर आणखी घातक, कारण नौका कलली की आतले पाणी कललेल्या बाजूलाच धावते. डेकवर आडव्या फळ्यांचे कप्पे न करता ओतलेली मासळीही तेच करते. नौका बांधताना निरम आणि रुंदी ज्या हिशेबाने ठरविली, तो हिशेब दहा वर्षांत कधी मोडला हे कोणालाच कळत नाही.

हे ओळखण्याची कसोटी मात्र कोणत्याही शाळामास्तराला घेता येईल इतकी सोपी आहे. शांत पाण्यात दोर सैल सोडून नौका डोलवावी, घड्याळ लावून पाच पूर्ण हेलकावे मोजावेत आणि एका हेलकाव्याचा काळ काढावा. मीटरमधील रुंदीला ०.८ ने गुणून त्या काळाने भागावे व आलेल्या संख्येचा वर्ग करावा. उपर्युक्त अंतर अदमासे मिळते. पाच मीटर रुंदीची नौका पाच सेकंदांत एक हेलकावा पुरा करीत असेल तर ते ०.६४ मीटर येते. तिलाच आठ सेकंद लागू लागले तर ते पाव मीटरवर घसरते. टोरेमोलिनोस येथे १९७७ साली संमत झालेल्या आंतरराष्ट्रीय करारात २४ मीटर व त्याहून लांब अशा एका डेकच्या मासेमारी नौकांसाठी हे अंतर किमान ०.३५ मीटर असावे असे म्हटले होते. तो करार अमलात आला नाही, आणि आपल्या बहुसंख्य नौका त्याहून लहान आहेत. परंतु नौका लहान म्हणून समुद्र तिच्यासाठी लहान होत नाही.

‘मग झटके सोसत राहावे काय?’ असे कोणी विचारील. तसे नव्हे. स्थैर्य न गमावता हेलकावे कमी करता येतात. तळाच्या वळणावर दोन्ही कुशींना लांब, अरुंद पट्ट्या बसविण्याचा उपाय विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्याने एकोणिसाव्या शतकातच पुरस्कारिला होता. लहानसे तोलाचे शीडही पुन्हा उभारता येईल. याउलट वाढीव अश्वशक्तीचे एंजिन हा खोटा उपाय होय. पाण्याला ढकलीत चालणाऱ्या नौकेच्या वेगाला तिच्या लांबीचीच मर्यादा असते. जलरेषेवर ३६ फूट लांब असलेली नौका आठ नॉटच्या पुढे गेली की पिछाडी बसू लागते आणि जादा डिझेल लाटा उठविण्यात खर्ची पडते.

खलाशाच्या आरामाची गोष्ट काढली की ती चैन समजली जाते. २००७ सालच्या आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या करारात तीन दिवसांहून अधिक काळ समुद्रावर राहणाऱ्या नौकांवर चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती सांगितली आहे, ती चैन म्हणून नव्हे. थकलेला हात दोरावर निसटतो आणि पेंगुळलेली नजर लाट पाहत नाही. कोळ्यांचा पिढीजात अनुभव पुरेसा आहे, असा एक युक्तिवाद केला जातो. त्या अनुभवाविषयी आदर बाळगूनही म्हणावे लागते, की तो अनुभव शिडाच्या नौकेचा आणि तिच्या बेताच्या ओझ्याचा होता. छपरावरची टाकी त्या परंपरेत नव्हती.

यास्तव मागणी मोठी नाही. बंदी उठण्यापूर्वी, नौका पाण्यात उतरल्यावर, प्रत्येक नौकेची ही दोलनचाचणी घ्यावी व तिचा आकडा परवान्यावर नोंदवावा. केबिन वा एंजिन बदलल्यास ती पुन्हा घ्यावी. रत्नागिरीजवळ शिरगाव येथे १९८१ पासून मत्स्य महाविद्यालय आहे. तेथील विद्यार्थ्यांना हे काम अभ्यासाचा भाग म्हणून देता येईल. ज्या नौका उणे ठरतील त्यांना दंड न करता, छपरावरचे ओझे उतरविण्यास आणि कुशीच्या पट्ट्या बसविण्यास सहकारी संस्थांमार्फत साहाय्य द्यावे. नोव्हेंबर २००९ मध्ये ‘फयान’ वादळाने कोकणात नौका बुडविल्या आणि माणसे नेली. वादळ आपल्या हाती नाही. वादळात सापडणारी नौका कोणत्या अवस्थेत असावी, हे मात्र आहे. एक घड्याळ आणि पाच हेलकावे एवढाच ज्याचा खर्च, ती काळजी घेण्यासाठी पुढच्या वादळाची वाट पाहण्याचे कारण नाही.